ढेकीवरचा पाय

गुणाबाईच्या अंगणात चुली दोन होत्या, पण ढेकी एकच होती. सासरा गेल्यावर भावाभावांनी सगळं वाटून घेतलं होतं. भांडी वाटली, धानाच्या बांध्या वाटल्या, एकेक बैल घेतला, बोडीतले मासेसुद्धा निम्मेनिम्मे केले. ढेकी मात्र वाटता येत नाही. लांब सागाच्या लाकडाच्या एका टोकावर एकीनं पाय दाबायचा, सोडला की दुसऱ्या टोकाचं मुसळ उखळात दणकन आदळतं, आणि दोन दणक्यांच्या मधल्या फटीत दुसरीनं उखळात हात घालून धान सारायचं. पाय देणारीचं ध्यान उडालं की हात घालणारीची बोटं गेलीच म्हणून समजा.

म्हणूनच त्या घराची एक रीत होती. लेकीच्या लग्नाच्या अक्षता बाहेरच्या धानाच्या नाहीत. घरचंच धान, घरचीच ढेकी, थोरल्या जावेचा हात आणि धाकट्या जावेचा पाय. सासू सांगायची, आधी आपली बोटं जावेच्या हवाली करता आली पाहिजेत, मग पोरगी परक्याच्या हवाली करावी.

गुणाबाईच्या वच्छीचं लग्न फागणात ठरलं होतं. आणि नेमकं त्याच्या पंधरा दिवस आधी जनपद सभेचं इलेक्शन येऊन बसलं.

तालुक्याच्या त्या सभेसाठी दोघं उभे होते. एक गुणवंतराव, जुने मालगुजार. मालगुजारी सरकारनं काढून घेतली, रुबाब काही घेता आला नाही. त्यांची निशाणी बैलगाडी. दुसरे दादाजी मास्तर, त्यांचा कंदील. गुणाबाईचा नवरा सोमाजी गाडीवाला आणि धाकटा दीर मुखरू कंदीलवाला. संध्याकाळी दोघं भाऊ पडवीत बसले की जुंपायची.

"दादा, तुहे गुणवंतराव गाडीत बसतेत ठीक, पन थे गाडी ओढते कोन?"

"अन् तुह्या मास्तराच्या कंदिलात घासलेट कोन टाकते, थे सांग आंधी."

असं म्हणून दोघं हसायचे आणि मुखरू चुन्याची डबी पुढे करायचा. मतं दोन, चुना एकाच डबीतला.

गुणाबाईला हे हसणं ऐकूनच आग लागायची. पुरुषांना भांडायचं तरी कुठं धड येतं! तिला वाटायचं, एकदा मुखरूनं तोंड सोडावं, सोमाजीनं काठी उचलावी, अंगणात मधोमध कुड घालावा आणि पलीकडची कमळा एकदाची डोळ्याआड व्हावी. इलेक्शन हे नुसतं निमित्त होतं. जळण जुनंच रचलेलं होतं, कंदीलवाल्यांनी फक्त काडी आणून दिली.

कमळा तिची धाकटी जाऊ. मूल गावची पोर, चार बुकं शिकलेली. आली तेव्हा गुणाबाई म्हणाली होती, शिकलेल्या बाईच्या भाकरीला पापुद्रा येत नाही. पापुद्रा आला. मग म्हणाली, तिच्या रोवण्याच्या ओळी वाकड्या येतील. ओळी सरळ आल्या. बाईचं काहीतरी चुकावं म्हणून वाट पाहणं यासारखं कष्टाचं काम नाही, आणि गुणाबाई ते दहा वर्षं करत होती. गावात कोणाचं पत्र आलं की कमळा, कोणाच्या पोराला देवी टोचायच्या की कमळा. ते सगळं गुणाबाईनं गिळलं असतं. पण व्याह्याचं पत्र आलं तेव्हा वच्छीनं ते आईच्या हातात न देता थेट काकूकडे पळवलं, आणि आपल्या लेकीच्या लग्नाची तिथी गुणाबाईला कमळेच्या तोंडून कळली. तो घास अजून नरड्यात होता.

त्यात यादीचं प्रकरण झालं. मागच्या मोठ्या इलेक्शनला कारकून नाव विचारायला आला, तेव्हा गुणाबाईनं दाराआडून सांगितलं होतं, "वच्छीची माय." नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, आणि स्वतःचं परक्या माणसाला कशाला सांगायचं? कारकुनानं तसंच लिहून नेलं आणि वरच्या साहेबानं ते खोडलं. असल्या सगळ्या माया यादीतून उडाल्या. म्हणून या वेळी कमळा कारकुनाबरोबर दारोदार फिरली आणि गुणाबाईच्या अंगणात उभी राहून खणखणीत बोलली, "लिवा, गुणाबाई, नवऱ्याचं नाव सोमाजी."

"भासऱ्याचं नाव घेतलं वं सटवीनं!" थोरल्या दिराचं नाव तोंडावर घेतलं म्हणून गुणाबाई आठ दिवस येईल त्याला सांगत होती. "उद्या माह्या नवऱ्याले 'अरे' म्हनन."

एवढ्यावर कमळा थांबली नाही. तिनं डालड्याच्या रिकाम्या डब्याला विळ्यानं फट पाडली, वर कोळशानं निशाणी काढली आणि गोठ्यात बाया जमवून मत कसं टाकायचं ते शिकवू लागली. गंमत अशी की एका डब्यावर कंदील काढला तसा दुसऱ्यावर बैलगाडीही काढली. जिला ज्यात टाकायचं तिनं त्यात टाकावं, पण नीट टाकावं, म्हणायची. नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली बुधरी गोंडीण मोहाच्या झाडाखालचं झाडणं सोडून यायची. गाडीवाल्यांच्या बायाही यायच्या. नाही आली ती एक गुणाबाई.

"बाई, एक डाव येऊन तं पाहा," कमळा बोलवायला आली.

"मले काय शिकाचं हाय? कागद टाकाले काय इद्या लागते?"

"तसं नाई बाई, मी पन मास्तरांकडूनच समजून घेतलं..."

"तू घे समजून. मी गाडीवाली हावो, तुह्या गोठ्यात मी नाई येत."

गोठ्याकडे जाताना बुधरीनं कुडावरून डोकावून विचारलं, "काऊन वं बाई, तू घाबरते का डब्ब्याले?" आणि गोठ्यातून हसण्याचा लोट आला. त्या हसण्यात वच्छीचं हसू गुणाबाईनं बरोबर ओळखलं.

त्याच संध्याकाळी, सगळं घर अंगणात असताना तिनं तोंड उघडलं. "सांगून ठेवतो. वच्छीच्या अक्षतांले यंदा गुणवंतरावाची बायको पाय देईन. कंदीलवाल्यांचा पाय माह्या ढेकीवर नाई पडाचा."

मुखरूच्या हातातली चुन्याची डबी तशीच राहिली. सोमाजी म्हणाला, "इलेक्शन एका दिसाचं हाय. जाऊ जलमाची हाय."

"मंग जलमभर तुमीच पाय घ्या तिचा."

कमळेचा चेहरा उतरला. "बरं बाई," एवढंच म्हणाली आणि आपल्या चुलीकडे गेली. वच्छी त्या दिवशी जेवली नाही. गुणाबाई जेवली, पण काय जेवली ते तिला विचाराल तर सांगता आलं नसतं. गुणवंतरावाच्या घरी मात्र सकाळीच निरोप गेला. बोलून बसली होती, आता मागे कशी घेणार?

मताच्या दिवशी शाळेपुढे रांग लागली. पळस असा फुलला होता की रानाला कुंकू लावल्यासारखं दिसत होतं. गुणाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, कमरेला हळदीकुंकवाची डबी खोचली आणि पळसाचं एक फूल ओच्यात घेतलं. यादीत एकाच घरच्या म्हणून तिच्या मागे कमळाच. गुणाबाईनं एकदाही मान वळवली नाही.

साहेबानं बोटाला शाई लावली, कागद दिला. पडद्याआड दोन पेट्या शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. एकीवर कंदील, एकीवर बैलगाडी. गुणाबाईनं गाडीच्या पेटीला हळदीकुंकू वाहिलं, कागद दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर ठेवला, त्यावर ओच्यातलं पळसाचं फूल ठेवलं आणि हात जोडले. देवाला जे द्यायचं ते त्याच्यापुढे ठेवायचं असतं, एवढं तिला माहीत होतं. मग ती बाहेर आली, ताठ मानेनं. कोणी शिकवायला लागलं नाही, काही अडलं नाही!

कमळा आत गेली. गेली ती बाहेरच येईना. "चार बुकं शिकलेलीले इतका टाइम?" गुणाबाई रांगेतल्या बायांना ऐकू जाईल असं बोलली.

कमळा बाहेर आली ती सरळ साहेबाच्या टेबलाशी. "साहेब, आमच्या बाईंची कुंकवाची डबी आत राह्यली. घेऊन येऊ द्या त्यांले."

गुणाबाईचा हात कमरेला गेला. डबी जागच्या जागी होती. 'माही डबी तं...' असं बोलायला तिनं तोंड उघडलं आणि कमळेनं तिचा दंड धरला. कानाशी येऊन पुटपुटली, "बाई, कागद पेटीच्या पोटात टाका. वर ठेवला तं धरत नाईत. फट हाय वरती, हळदीनं बुजली."

"जा, लवकर या," साहेब कंटाळून म्हणाला.

गुणाबाई आत गेली. कागद होता तसाच होता, फूलसुद्धा हललं नव्हतं. शेजारीच, हाताच्या अंतरावर, कंदिलाची पेटी. कमळेनं तो कागद उचलून तिच्यात सरकवला असता तर कोणाच्या बापाला कळलं असतं? नवऱ्याच्या माणसाला एक मत जास्त झालं असतं आणि थोरल्या जावेचं नाक आपोआप कापलं गेलं असतं. किंवा नुसती बोंब मारली असती, 'पाहा वं, आमच्या बाईंनं पूजा मांडली,' तरी वर्षभर पुरलं असतं. कमळेच्या जागी आपण असतो तर? गुणाबाई स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

तिनं नखानं फटीतली हळद काढली आणि कागद आत सोडला. छातीत पहिल्यापेक्षा जास्त जळलं. शिकण्यात पुढे, भाकरीत पुढे, आणि मेली आता चांगुलपणातही पुढे! माणसानं मागे राहायचं तरी किती?

निकाल लागला. गुणवंतराव निवडून आले. मुखरूनं स्वतःच्या हातानं भावाच्या कपाळाला गुलाल लावला. "पुढच्या डावाले पाहू, दादा."

"पाहू नं. चुना काढ."

अक्षतांच्या दिवशी गुणवंतरावाची बायको जरीचं लुगडं नेसून सकाळीच हजर झाली. निरोपच तसा गेला होता. वच्छी धानाचं सूप घेऊन उभी होती आणि आईकडे पाहत नव्हती. कमळा आपल्या दारात, चौकटीला टेकून. बाईसाहेबांनी लुगडं वर खोचलं आणि ढेकीच्या लाकडाकडे पाय नेला.

गुणाबाईनं एकदा त्या पायाकडे पाहिलं, एकदा उखळाकडे, एकदा आपल्या बोटांकडे.

"बाईसाहेब, तुमी आपल्या पाटावर बसा, सुपारी खा," ती म्हणाली. "दमाचं काम हाय हे, जरीचं लुगडं खराब होते." आणि दाराकडे ओरडली, "काऊन वं कमळे, उभी काऊन हायेस? पाय मूलले इसरून आली काय?"

कमळा जागची हलली नाही. "कंदीलवाल्यांचा पाय चालते काय, बाई?"

"पाय चालते. डोस्कं नाई चालत. ये लवकर, उन्ह चढून राह्यलं."

कमळा आली, लाकडावर पाय ठेवला. मुसळ वर गेलं. तशी वच्छी हसली. हसली ती काकूकडे पाहून, आईकडे नाही. गुणाबाईनं ते पाहिलं आणि त्याच दमात तिनं मनगटापर्यंत हात उखळात घातला आणि धान सारलं.

"हळू मार वं, भवाने," ती म्हणाली. "बोटं शाबूत ठेव. पुढच्या डावाले शाई लावाची हाय त्यांले, अन् मत गाडीलेच."