पुतळ्यासाठी शर्ट

साताऱ्याहून शिवराजचा फोन आला आणि मुक्ताबाईंचं मटार सोलणं थांबलं. थोरल्या लेकाचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं, आणि धाकट्या भावाचा, चेतनचा, पत्ता नाही. चेतन जहाजावर फिटर. सोमालियाच्या बाजूला चाच्यांनी जहाज धरलं, त्याला वर्ष उलटून गेलं. सुटून आलेला एक खलाशी म्हणाला, चेतनला ताप भरला होता, त्याला दुसरीकडं नेलं, पुढं दिसला नाही. आता गुरुजी म्हणत होते, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, म्हणजे घरातलं कार्य मोकळं होईल. पुतळ्यावर घालायला चेतनच्या अंगातला एखादा शर्ट पाहिजे.

"संजीवनी हो म्हणालीय, आई. तुझं तेवढं हो पाहिजे."

"बघते," म्हणून मुक्ताबाईंनी फोन आपटला. चेतनची बायको संजीवनी दोह्यात नोकरीला; तिच्या सोबतीला त्या इथं अल मन्सूरा भागात येऊन राहिल्या होत्या, आणि सुनेनंच असं करावं!

आत पलंगावर तो निळ्या चौकड्यांचा शर्ट काढूनही ठेवला होता. चेतन शेवटचा दोह्याला आला होता तेव्हा उतरवलेला. संजीवनीनं तो धुतलाच नव्हता. पिशवीत घालून गाठ मारून ठेवला होता, आणि अधूनमधून गाठ सोडून त्यात तोंड खुपसून बसायची. तिच्या ऑफिसातला अरुणकुमार उद्या पुण्याला निघणार होता, त्याच्याबरोबर पाठवायचा होता.

"तू व्हय म्हणालीस?"

"काय करू आई? रोज जहाज कंपनीच्या एजंटला फोन, रोज मेल. इन्शाल्ला, इन्शाल्ला ऐकून कान किटले माझे. एकदाचं खलास होऊ दे. रडून तरी घेऊ द्या मला."

मुक्ताबाई तावातावानं बोलणार होत्या, पण पोरीचे खोल गेलेले डोळे बघून तिच्याशेजारी पलंगावर टेकल्या.

"माझ्या बापाचंबी असंच उरकलं हुतं," त्या म्हणाल्या.

आबा पलटणीत होते. सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांच्या हाती सापडले. बोटीत कोंबून न्यू गिनीच्या रानात नेलं. तिथं पाला उकडून खाल्ला, गोगलगाई खाल्ल्या. इकडं गावात तार आली, माणूस बेपत्ता. भावकीला कुठला दम! पुतळा जाळला, मुक्ताबाईंच्या आईच्या बांगड्या फोडल्या, तेरावं जेवून मंडळी ढेकर देत गेली. आणि लढाई संपल्यावर हाडांचा सापळा होऊन हा बाबा वेशीत हजर! पोरंसोरं भूत भूत करत पळाली. मेलेला माणूस घरात घ्यायचा कसा? मग गावानं त्या मिशाळ गड्याला पाळण्यात बसवलं, त्याचं बारसं केलं, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं परत लग्न लावलं. या गोष्टीला घरात सगळे हसत. संजीवनीलाही रडता रडता हसू फुटलं.

"आबाबी हसायचं. पर एकदा मला म्हणालं, मुक्ते, सांजच्याला आम्ही तिथं म्हणायचो, आता घरी दिवा लागला, आपलं नाव निघालं असंल. तेवढ्यावर तगलो. बरं झालं, तेराव्याचं तिथं कळलं न्हाई. कळलं असतं तर तिथंच मेलो असतो."

संजीवनीचं हसू विरलं. मुक्ताबाई उठल्या, शर्ट उचलला, तडक न्हाणीघरात गेल्या आणि साबणाच्या बादलीत तो बुडवला.

"आई!" संजीवनी किंचाळत धावली. "त्यांचा वास जाईल! तेवढाच उरलाय माझ्याकडं!"

"जाऊ दे." मुक्ताबाईंचा आवाज फाटला. लेक त्यांचाही होता. "वास मेलेल्याचा जपत्यात, पोरी. जित्या माणसाची कापडं धुवायची असत्यात."

संजीवनी भिंतीला टेकून रडली, चांगली हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून सासूशेजारी उकिडवी बसली.

"कॉलर ब्रशनं घासावी लागते," ती म्हणाली. "घामानं लगेच मळते त्यांची."

बाहेर शिवराजचा फोन पुन्हा वाजायला लागला. मुक्ताबाई उठायच्या आत फेसाच्या हातानं संजीवनीनंच तो घेतला.

"भाऊजी, शर्ट नाही पाठवत," ती म्हणाली. "घरी आले की ह्यांना घालायला लागेल."