सव्वीस दारांची हजेरी

आत्याच्या ऑफिसात एक आकडा बदलायचा म्हणजे हजेरी घ्यावी लागे. औषधं आणि लसी साठवणाऱ्या एका मोठ्या कोठाराच्या दारांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम आत्याने वीस वर्षांपूर्वी एकटीने लिहिला होता, आणि त्याच्यावरच ही चार टेबलांची कंपनी उभी होती. कोठारात सव्वीस थंड खोल्या. एखादं दार ठरल्यापेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं की घंटा वाजायची. किती वेळ, ते सेटिंगच्या फाईलमध्ये असे, आणि आत्याने ते प्रत्येक खोलीसमोर सुटं सुटं, हाताने, सव्वीस वेळा लिहून ठेवलं होतं. बदल आला की आत्या एकेक ओळ मोठ्याने वाचणार, तिची भाची जुना आकडा खोडून नवा घालणार, आणि ऑफिसातले सर्वांत जुने खुणेकाका कागदावर बरोबरची खूण करून "हो" म्हणणार.

भाचीला या प्रकाराची मनस्वी चीड होती. समोर कॉम्प्युटर ठेवून माणसांनी पाढे म्हणायचे, यात शहाणपण ते कुठलं? बरं, एवढं करून चुका टळत होत्या म्हणावं, तर तेही नाही. मागच्या खेपेला वीस मिनिटांची मुदत आठ करताना मध्येच फोन वाजला. आत्या बोलून परत आली ती थेट अठराव्या ओळीवर. सतरा नंबरची खोली वीसवरच राहिली. पंधरा दिवसांनी नेमकं तिथलंच दार उघडं राहिलं, घंटा उशिरा वाजली आणि लसींचं अख्खं कपाट फेकून द्यावं लागलं. त्यावर आत्याने काढलेला उपाय ऐकून भाचीने कपाळावर हात मारला. यापुढे हजेरी दोनदा घ्यायची होती.

आत्या दोन दिवस बाहेरगावी गेली तेव्हा भाचीने कुणालाही न विचारता फाईलची नवी प्रत तयार केली. सगळ्यात वर एकच ओळ: दार_मुदत, आठ. खाली जिथे जिथे आठ दिसला तिथे आकडा काढून हेच नाव घातलं. आता बदल आला तर वरची एक ओळ बदलायची, बाकीच्या आपोआप तिचं ऐकणार. आत्या परतली आणि तिने ते पाहिलं, पण ती आदळआपट करणार तेवढ्यात कोठाराचं पत्र आलं: मुदत आजच्या आज पाच मिनिटं करा. दोन हजेऱ्यांना वेळच नव्हता. ऑफिसातून फाईल बाहेर जायची तर बदलणारीची आणि तपासणारीची, अशा दोन सह्या लागत. आत्याने तोंड वाकडं करून सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठारात घंटा वाजू लागली ती थांबेचना. फाईलमध्ये एक सत्ताविसावा आठ होता. तो ट्रॉल्या धुण्याच्या खोलीचा. तिथलं दार ट्रॉल्या आत घेताना सात मिनिटं उघडं राहतंच. भाचीला दोन्ही आठ सारखे दिसले, तिने दोघांना एकच नाव देऊन टाकलं, आणि थंड खोल्यांबरोबर धुण्याची खोलीही पाचवर आली. घंटेने डोकं उठलेल्या धुणाऱ्यांनी शेवटी तिची वायरच उपटली. सगळ्या इमारतीला घंटा एकच. दोन तास सव्वीस खोल्या राखणीविना राहिल्या. माल वाचला, पण तो नशिबाने.

कोठाराचे व्यवस्थापक फोनवर आत्याला नाही नाही ते बोलले. दुपारपर्यंत दुरुस्त फाईल आणि लेखी खुलासा हवा म्हणाले. आत्याने जुनी फाईल काढून भाचीसमोर कागद सरकवला.

"इथे सही कर. आणि आजपासून या फाईलला तू हात लावायचा नाहीस."

चूक भाचीचीच होती, आणि लाजेने तिला कुणाकडे बघवत नव्हतं. पण ही जुनी फाईल कोठाराकडे गेली तर तिचं सगळं काम वाया, आणि पुन्हा जन्मभर पाढे. तिने कागद परत सरकवला.

"चूक माझी आहे. खुलाशात माझ्या नावानिशी लिही. पण जुनी फाईल जाणार नाही."

"ऑफिस माझं आहे."

"आहेच की. सही मात्र माझी आहे."

आत्याने खुणेकाकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. शेवटी म्हणाले की सतराव्या ओळीवर आपणच "हो" म्हटलं होतं, ते अजून घशात अडकलंय. पुन्हा म्हणवणार नाही.

आत्याचा चेहरा लाल झाला. भाचीने मागे न हटता सांगून टाकलं की धुण्याच्या खोलीला तिने वेगळं नाव दिलंय, काम पाच मिनिटांचंच होतं. आपण चुकलो, पण कुठे चुकलो ते सकाळी वाचता आलं, कारण तिथे नाव होतं. मग तिने जुन्या फाईलमधल्या एकशे चाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे नुसतं लिहिलं होतं: थांब, अकरा.

"हे अकरा कशाचे, आत्या?"

वर्षानुवर्षं आत्या प्रत्येक हजेरीला ही ओळ वाचत आली होती. आता तिने ती पुन्हा वाचली. तिने ओळीच्या वरचं पाहिलं, खालचं पाहिलं, ओठ हलवून काहीतरी मोजलं.

"मला माहीत नव्हतं," भाची म्हणाली, "म्हणून नव्या फाईलमध्ये त्याचं नाव ठेवलंय 'आत्याला_माहीत'. खरं असेल तर राहू दे."

मग आत्याने कीबोर्ड पुढ्यात ओढला, ते नाव एकेक अक्षर करून खोडलं आणि त्याजागी एका बोटाने, सावकाश टाईप केलं: कुणालाच_माहीत_नाही.

पेन उचलून तिने नव्या फाईलच्या कागदावर सही केली, आणि भाचीच्या सहीसाठी जागा सोडली ती आपल्या सहीच्या वर.