तुम्ही जा, मी बघते

मी एक जुनी रबरी बाहुली आहे. पण मित्रांनो, माझ्याशी आजवर कुणीही खेळलेलं नाही. माझा जन्म खेळण्यासाठी झालाच नव्हता.

ज्या कारखान्यात मला साच्यात ओतलं, तिथे शेजारच्या टेबलावर झालरीचे झगे घातलेल्या बाहुल्या तयार होत होत्या. मला ना झगा मिळाला, ना केस. मला मिळालं चार महिन्यांच्या बाळाचं वजन, मागे झुकणारी मान, उघडं तोंड आणि छातीत एक स्प्रिंग. छाती योग्य जागी, योग्य जोराने दाबली की आतून ‘टक्’ असा आवाज यायचा. आवाज आला म्हणजे दाबणाऱ्याला जमलं. नाही आला, म्हणजे नाही जमलं. माझ्यापाशी भिडेखातर काही नव्हतं.

पेटीतून बाहेर आले ती थेट एका पाळणाघरात. तान्ह्यांची एक खोली, रांगत्यांची एक आणि मागे दुपटी वाळत घालायची छोटी खोली. पाळणाघर चालवणाऱ्या बाई शिस्तीच्या होत्या. मुलं सांभाळणं हे शिकावं लागतं आणि शिकणाऱ्या बाईला पुढे जायला वाट हवी, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून दाराजवळच्या भिंतीवर त्यांनी खुंट्यांची ओळ ठोकून घेतली होती. प्रत्येक सांभाळणारीची एक खुंटी. बाटल्या उकळणं आणि दूध पाजणं शिकलं की पांढरी रिंग, बाळाला कसं निजवायचं हे शिकलं की निळी, मुलांशी बोलायचं कसं हे शिकलं की हिरवी. आणि बाळाच्या घशात काही अडकलं किंवा श्वास थांबला तर काय करायचं, हे माझ्यावर शिकून झालं की लाल. चारी रंग खुंटीवर आल्याशिवाय कुणालाही खोलीची प्रमुख होता येत नसे.

लाल रिंगेचा वर्ग घ्यायला दर वर्षी दवाखान्यातून एक सिस्टर येत. वर्ग दुपारी, मागच्या खोलीत, बाळं झोपली की भरे. त्या दिवशी माझा थाट विचारू नका. सगळ्या जणी माझ्याभोवती गोल बसत. मी त्यांना हातांवरून ओळखत असे. रांगत्यांच्या खोलीतल्या मावशींचे तळवे खरखरीत. चष्मेवाली म्हणून सगळ्या जिला हाक मारत, तिचे हात घामेजलेले. पहिल्या वर्षी ती दर दाबाला “सॉरी बाळा, सॉरी” म्हणत होती.

“अगं, माफी नंतर माग, आधी दाब!” मावशी ओरडल्या होत्या आणि सिस्टरसुद्धा हसल्या होत्या.

एका बाईंचे हात मात्र त्या वर्गात मला कधीच लागले नाहीत. त्या आत्या. त्या कुणाच्या सख्ख्या आत्या नव्हत्या, पण पाळणाघरात लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणत. रडून रडून लाल झालेलं बाळ त्यांच्या खांद्यावर गेलं की जरा वेळाने मान टाकून झोपे. साहजिकच, वर्गाची वेळ झाली की झोपलेल्या बाळांजवळ कुणी थांबायचं, हा प्रश्न कुणी विचारतच नसे. आत्या आधीच म्हणत, “तुम्ही जा गं. मी बघते पिल्लांना.”

वर्ग संपला की त्या यायच्या, कोमट पाण्याच्या फडक्याने माझं तोंड पुसायच्या आणि दुपट्यात गुंडाळून मला कपाटात ठेवायच्या. “आज फार धोपटलं का गं ठमाबाई तुला?” असं विचारायच्या. ठमाबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं. बाकीच्यांसाठी मी नुसती ‘ती बाहुली’ होते.

मग तान्ह्यांच्या खोलीच्या प्रमुख निवृत्त व्हायच्या झाल्या. बाई दर वर्षी प्रत्येकीला समोर बसवून विचारत, “पुढे काय करायचंय?” आत्यांचं उत्तर ठरलेलं असे: “मी आहे तिथे बरी.” या खेपेला मात्र त्या बाईंकडे जायच्या आधी माझ्या कपाटापाशी आल्या.

“ठमे, या वेळी सांगून टाकते. मला ती खोली हवी. घड्याळ बघून सगळ्यांना एकदम पाजतात, झोपलेल्याला हलवून उठवतात. ते मला थांबवायचंय. मदतनीसाचं कोण ऐकतं?”

बाईंना त्यांचं म्हणणं ऐकून आनंदच झाला. त्या तडक आत्यांच्या खुंटीपाशी आल्या. आत्यांची एक सवय होती. त्या आपला अॅप्रन त्याच खुंटीवर टांगत. बाईंनी तो बाजूला केला. पांढरी, निळी, हिरवी.

“आत्या, लाल कुठे पडली?”

“पडली नाही बाई. कधी मिळालीच नाही.”

“असं कसं? सिस्टर तर दर वर्षी येतात!”

“आणि मी दर वर्षी आत असते. पिल्लं झोपलेली असतात ना.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. बाकीच्या सगळ्या जणी बाळाचा जीव कसा वाचवायचा हे शिकत असताना, बाळांजवळ जी एकटी बसली होती तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. इतकी वर्षं काही अघटित घडलं नाही, हे नशीब. ती कुणाची हुशारी नव्हती.

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “विचारायला हवं होतं. पण रिंगेशिवाय खोली देता येणार नाही, आत्या. सिस्टर येईपर्यंत जागा धरून ठेवते. तेव्हा जमलं नाही, तर मग चष्मेवालीला द्यावी लागेल. तिच्याकडे चारी आहेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवालीनेच मला कपाटातून काढलं. तिने आत्यांना मागच्या खोलीत बसवलं, बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं आणि म्हणाली, “आता तुम्ही.”

मित्रांनो, त्या हातांची मी किती वाट पाहिली होती! ते माझ्या छातीवर आले आणि मी गप्प राहिले. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प. बाळांना थोपटून थोपटून मऊ झालेले ते हात. माझ्या स्प्रिंगेपर्यंत ते पोचतच नव्हते.

“दुखेल गं तिला,” आत्या पुटपुटल्या.

“आत्या, ती रबराची आहे.”

“ते मला कळतं. हातांना कळत नाही.”

मला खोटं ‘टक्’ करता आलं असतं, तरी मी केलं नसतं. माझ्या त्या एका आवाजावर उद्या एखाद्या खऱ्या बाळाचा श्वास अवलंबून असणार होता. मग रोज दुपारी चष्मेवाली पाळण्यांपाशी बसू लागली आणि आत्या माझ्यापाशी. कधी त्या चिडायच्या, कधी मला उचलून खांद्यावर घ्यायच्या आणि स्वतःच हसायच्या. हळूहळू त्यांचा दाब खोल जाऊ लागला. कधी माझा आवाज यायचा, कधी नाही.

सिस्टर आल्या त्या दिवशी आत्यांनी मला आधी हातावर पालथं घेतलं, डोकं खाली ठेवलं, पाठीवर नेमक्या जागी थापा मारल्या. इथवर ठीक झालं. मला टेबलावर उताणं ठेवलं आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे एक बाळ जागं झालं. ते रडलं, त्याच्या पाठोपाठ दुसरं. आत्यांचे हात थांबले. त्या अर्ध्या उठल्यासुद्धा.

आतून चष्मेवालीचा आवाज आला, “आत्या, बसा! मी बघते!”

आत्या बसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटं छातीच्या मधोमध ठेवली आणि दाबलं. टक्. पुन्हा टक्. पुन्हा. मग एक मोठा टक् झाला आणि माझी छाती दबली ती वर आलीच नाही.

“अगंबाई! मारलं का मी हिला?” आत्या पांढऱ्याफटक पडल्या.

सिस्टरनी मला उलटसुलट करून पाहिलं. “हिची स्प्रिंग गेली,” त्या म्हणाल्या. “म्हातारी झाली होती. पण हिच्या जागी बाळ असतं तर त्याला तुमचे हात उपयोगी पडले असते, आत्या.” आणि त्यांनी लाल रिंग स्वतः नेऊन खुंटीवर अडकवली. अॅप्रनसाठी बाईंनी त्याच दिवशी वेगळा खिळा ठोकला.

वर्गासाठी आता नवी बाहुली आली आहे. ती दिव्यांनी सांगते, हिरवा म्हणजे बरोबर. मला कुणीतरी जुन्या सामानात टाकायला निघालं होतं. पण तान्ह्यांच्या खोलीच्या नव्या प्रमुखांनी मला काढून घेतलं. तेव्हापासून माझं काम बदललं. वर्गाच्या दुपारी जी बाई बाळांजवळ थांबते, तिच्या खुंटीवर आत्या मला टांगतात. मी जिच्या खुंटीवर लटकते, तिच्यासाठी सिस्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात आणि सगळ्यांत आधी तिचा वर्ग घेतात. तिचं शिकून झाल्याशिवाय मला खाली काढायचं नाही, असा आत्यांचा नियम आहे, आणि तो बाईंनाही त्या मोडू देत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत कुणीतरी असेल, जे नेहमी म्हणतं, “तुम्ही जा, मी बघते.” ते इतक्या सहज म्हणतं की आपण वळूनही न पाहता निघून जातो. एकदा वळून पाहा. आणि त्याच्या जागी जाऊन बसा. बाळं रडतील थोडा वेळ. रडू देत. माझ्या छातीतला आवाज गेला, पण एवढं मी अजून सांगू शकते.