बोट चुकवण्याचं कारण

मिस्त्रींनी डिझेलचा नळ बंद केला. इंजिनाने आणखी चार-पाच गचके दिले आणि ते थांबलं. सव्वीस वर्षांत ते कितीदा तरी बंद पडलं होतं, पण दरवेळी मिस्त्री बाह्या सरसावून त्याच्यामागे लागत. आज त्यांनी चिंधीला हात पुसले आणि स्टुलावर बसकण मारली.

बाहेर उतारावर सोलर पॅनेलच्या रांगा उन्हात तापत होत्या. बेटावरच्या चाळीस घरांचे दिवे, पाण्याचा पंप, दवाखान्यातला फ्रिज, सगळं आता इंजिनाऐवजी त्यांच्यावर चालणार होतं.

"सुटलात, काका," पॅनेल बसवायला आलेली इंजिनीअर मुलगी म्हणाली. "आता खुशाल झोपा."

मिस्त्रींनी हसल्यासारखं केलं. सुटायचीच तर त्यांना धास्ती होती. लेकीने आपल्या मनाने लग्न जमवलं, तेव्हा 'इंजिनाचा आवाज बरा नाही' असं सांगून त्यांनी लग्नाला जायची बोट चुकवली. त्याला सहा वर्षं झाली. राग केव्हाच विरला, पण जायचं कुठल्या तोंडाने? मग दरवर्षी तीच सबब. नात झाली तेव्हाही बायको एकटीच जाऊन आली.

एवढ्यात बायको डबा घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थबकली.

"बंद केलंत?" तिने सवयीने ओरडून विचारलं, मग स्वतःच ओशाळून आवाज खाली आणला. "अगदीच बंद?"

"हो."

इंजिनीअर मुलीने हातातले कागद चाळले. "एक राहिलंच. हे इंजिन अडीनडीला ठेवायचंय. दर सोमवारी अर्धा तास चालवावं लागेल, नाहीतर जाम होईल. कोण बघेल?"

मिस्त्री उठले.

"मी आहे की. मी कुठे जातोय?"

"मला दाखव, पोरी," बायको म्हणाली.

"काकू, तुम्ही?"

"आधी तेल बघायचं, मग नळ उघडायचा, मग हँडल मारायचं. इतकी वर्षं डबा आणतेय, तेवढं दिसतंच." तिने डबा खाली ठेवून पदर खोचला. "ह्यांना गुरुवारच्या बोटीने लेकीकडे जायचंय."

"अगं, पण त्याचा आवाज..." मिस्त्री बोलून गेले आणि थांबले.

"आवाज तेव्हाही चांगलाच होता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

इंजिनीअर मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मिस्त्रींनी पुन्हा एकदा हात पुसले, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत. मग खुंटीवरचं हँडल काढून त्यांनी बायकोच्या हातात दिलं.

"अंगठा त्याच्याभोवती घालू नकोस," ते म्हणाले. "उलटा झटका बसला तर मोडतो."