बटाट्याची पिशवी

मी जर्मनची डेचकी. आता फार जुनी झाले आहे. मित्रांनो, जर्मनी मी पाहिलेली नाही. आमच्या कोल्हापुरात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, एवढंच.

एका कारखान्यात पत्र्याची गोल चकती यंत्राखाली दाबली गेली आणि माझा जन्म झाला. १९९० साली शालनच्या लग्नात तिच्या मावशीने मला आहेरात दिलं. शालनचा नवरा आकाराम म्हैस पाळायचा. राजारामपुरीच्या मागच्या अंगाला त्यांची पत्र्याची खोली होती आणि खोलीला लागून गोठा. पहाटे आकाराम हौशी नावाच्या म्हशीला चौकात न्यायचा आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर धार काढून द्यायचा. उरलेलं दूध घरी यायचं आणि माझ्यात तापायचं. बोटभर जाड साय धरायची. शेजारणी म्हणायच्या, "शालनच्या डेचकीत दूध कधी लागत न्हाय बघ." ते ऐकून मी आणखी चकाकायची.

२००४ च्या उन्हाळ्यात हौशीने चारा सोडला. तिचं पोट फुगलं आणि चौथ्या दिवशी ती गोठ्यातच मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट फाडलं, तर आतून घमेलंभर प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या, एकमेकींत पिळून दगडासारख्या झालेल्या. एकीवरचं साडीच्या दुकानाचं नाव अजून वाचता येत होतं. आकारामची मुलगी प्रियदर्शनी तेव्हा तेरा वर्षांची होती. सगळ्यांनी तिला आत जा म्हटलं, पण ती गेली नाही.

दुसरी म्हैस घेणं जमण्यासारखं नव्हतं. आकाराम शाहूपुरीत गणपतरावांच्या दुकानी कामाला लागला. गणपतराव पिशव्यांचे मोठे व्यापारी. ज्या पिशव्यांनी म्हैस मेली, त्यांचेच गठ्ठे आता आकाराम पाठीवर वाहू लागला. घरात तापवायला दूध राहिलं नाही. मी फळीवर पालथी पडले आणि माझ्यावर धूळ बसली.

एक दिवस प्रियदर्शनीने मला खाली काढलं. शाळेत हिरेमठ सरांनी सांगितलं होतं की, बटाट्याच्या आणि साबुदाण्याच्या पिठापासूनही प्लॅस्टिकसारखा पदार्थ होतो आणि तो मातीत कुजतो. तिने मधल्या सुट्टीत सरांना गाठून सगळं वहीत उतरवून घेतलं. घरी येऊन बटाटे किसले, कीस पाण्यात धुतला आणि खाली बसलेला पांढरा साका माझ्यात ओतला. ओठ फुटल्यावर लावतात ते ग्लिसरीन घरात होतंच. व्हिनेगर तिने चायनीजच्या गाडीवरून बाटलीच्या बुडाशी उरलेलं मागून आणलं. मग स्टोव्हवर मला चढवून ती ढवळत बसली. दुधासारखं पांढरं पाणी हळूहळू घट्ट झालं आणि मग डिंकासारखं आरपार दिसू लागलं. ते तिने तेल लावलेल्या ताटात पसरलं आणि पत्र्यावर वाळत टाकलं.

पहिला थर पापडासारखा तडकला. दुसऱ्याला बुरशी आली. तिसरा मुंग्यांनी नेला. चौथ्या वेळी तिचं लक्ष चुकलं आणि माझं बूड करपून काळं झालं.

"बटाटं काय फुकट येत्यात व्हय गं?" शालन ओरडली आणि तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना तिनेच बारके, कोंब आलेले बटाटे पदरातून आणले आणि माझ्याशेजारी ठेवले.

सातवा थर मात्र निघाला. ताटातून अख्खा सुटला. पिवळसर, मऊ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. प्रियदर्शनीने उलथनं तापवून त्याच्या कडा चिकटवल्या आणि पिशवी केली. वीतभर पिशवी! तिच्यात तिने मूठभर तांदूळ भरून सगळ्या खोलीत नाचवले. उरलेला तुकडा शेजारच्या केरबाच्या रेडकाला खायला घातला आणि दोन दिवस काडीने शेण उकरून पाहिलं. शेणात काही निघालं नाही. मित्रांनो, ताज्या दुधाचा मान मला पुष्कळ मिळाला होता, पण त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

जानेवारीत शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. टेबलावर मधोमध मी, माझ्यापुढे वही आणि वहीवर ती पिशवी. प्रमुख पाहुणे होते गणपतराव. ढाली आणि पेले त्यांच्याकडूनच आले होते आणि त्यांची खोकी उचलून आणायला आकाराम आला होता.

गणपतराव आमच्या टेबलापाशी थांबले. "हे काय गं? पापड?"

मागची मंडळी हसली. प्रियदर्शनीने पाठ केलेलं भाषण होतं, पण ते तिला आठवेना. "न्हाय सर, पिशवी हाय," ती म्हणाली. "बटाट्याची. म्हशीनं खाल्ली तरी काय हुत न्हाय. मी शेण उकरून बघितलोय."

"शेण उकरून!" गणपतरावांनी नाकाला रुमाल लावला. पुन्हा हशा झाला. "म्हशीला चालती म्हणजे माणसाला बी चालत असंल की. खाऊन दाखव."

हिरेमठ सर शेजारीच उभे होते. ते हातातल्या यादीकडे बघत राहिले. प्रियदर्शनीने पिशवीचा कोपरा तोडून तोंडात घातला.

"एवढंच? आख्खी खा की. आमचं दुकान बंद करायला निघालीस, आन् भ्यातीस?" तेवढ्यात त्यांची नजर खोक्यांकडे गेली. "आकाराम! ही तुझी पोरगी न्हवं? ये, बघ. तुझी म्हस पिशवी खाऊनच मेली न्हवं का? आता पोरगी बी खायला लागलीया!"

सगळं सभागृह हसलं. आणि मित्रांनो, आकाराम हसला. मी त्याला रोज पाहिलेलं होतं. त्याला हसू आलेलं नव्हतं. तरी तो दात काढून हसला आणि म्हणाला, "व्हय मालक."

प्रियदर्शनीने बापाकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि चावत राहिली. ते चिवट होतं, लवकर गिळलं जात नव्हतं. गणपतराव शेवटचा घास जाईपर्यंत उभे राहिले, टाळी वाजवली आणि पुढच्या टेबलाकडे वळले. पहिला नंबर थर्माकोलच्या ज्वालामुखीला मिळाला.

घरी येताच ती मोरीत ओकली आणि शालनला सगळं सांगितलं. आकाराम आला. तो पोरीकडे गेला नाही. त्याने मला उचललं आणि भिंतीवर फेकलं. मी खाली पडले तसा त्याने मला पायाखाली घेतलं. "माझ्या पोटावर उठली ही! माझ्या पोटावर!" असं म्हणत तो मला तुडवत होता. माझा काठ आत गेला, बुडाला चीर पडली.

शालन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही हसला व्हय?"

आकारामचा पाय थांबला. दुसऱ्या दिवशी तो वेळेवर शाहूपुरीला कामाला गेला आणि गठ्ठे उचलू लागला. गणपतरावांच्या कालची थट्टा लक्षातही नव्हती. त्या दिवसापासून प्रियदर्शनीने बापाला आण्णा म्हणून हाक मारली नाही. वही तिने चुलीत घातली. शालन तिला अडवायला उठली, पण तोवर कागद पेटले होते.

चीर पडलेल्या डेचकीत दूध राहत नाही. शालनने मला चिखल लिंपून कोंबड्यांच्या पाण्याला ठेवलं. चिखल सुटला, तेव्हा कोंडा ठेवला. पावसाळे गेले. मी काळी पडले.

चार वर्षांनी हिरेमठ सर दारात आले. केस पिकले होते. कुठल्याशा कॉलेजात मुलांच्या शोधांचं शिबिर होतं आणि पिठाच्या प्लॅस्टिकचं कौतुक आता मोठी माणसंही करू लागली होती.

"प्रियदर्शनी, तुझ्याइतकं चांगलं कुणाचंच झालं नव्हतं," ते म्हणाले. "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पुन्हा एकदा करून दाखवशील?"

प्रियदर्शनी कोंबड्यांना कोंडा टाकत होती. तिचं आजऱ्याला लग्न ठरलं होतं. काजूच्या कारखान्यात सासूबरोबर कामाला जायचं होतं. तिने मान वर केली नाही.

"मला येत न्हाय, सर," ती म्हणाली.

सर चपला घालून गेले. ती आजऱ्याला गेली, तेव्हा मला बरोबर नेलं नाही. कोण नेणार फुटकी डेचकी?

मित्रांनो, मला चिंच लावून घासा, माझी चीर बुजवा, असं काही मी मागत नाही. भांडी फुटतात, नवी येतात. पण तुमच्या वर्गातली एखादी मुलगी कधीतरी घरून काही करून आणेल. ते वेडंवाकडं असेल, त्याला वास येत असेल. कुणीतरी मोठा माणूस तिची थट्टा करील आणि बाकीचे त्याच्याबरोबर हसतील. तुम्ही हसू नका. हसू आलेलं नसताना तर मुळीच हसू नका.