एकाच माणसाचा रकाना

आमच्या शाळेत एकतीस शिक्षक आहेत आणि चित्रकलेच्या बाई एकच. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही तक्ता करताना ते माझ्या लक्षात आलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. विषय होता शिक्षकांच्या भावना आणि शाळेतलं वातावरण. लोक अशा ठिकाणी डुलक्या काढतात. सर वही भरून आले. आल्या आल्या त्यांनी प्रत्येकाला अठरा प्रश्नांचा कागद दिला. नाव घालायचं नाही, फक्त विषय. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, आणि खाली मोकळं लिहायला दोन ओळी.

"मनात असेल ते लिहा," सर म्हणाले. "कोणी लिहिलं ते मला कळणार नाही. शब्द आहे माझा."

कागद गोळा करून आकडे काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नवी, शिवाय भौतिकशास्त्राची.

"झालं," खेळाचे सर म्हणाले. "आता ही एकेकाच्या काखेत थर्मामीटर लावणार."

सगळे हसले. चित्रकलेच्या बाई सगळ्यांत जास्त. हसताना त्यांनी माझा चहा माझ्याकडे सरकवला होता, तो निवत आला होता म्हणून.

मी मन लावून काम केलं. पूर्ण शाळेची सरासरी आली चार पूर्णांक एक. सरांनी ती पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"एका आकड्यावरून काय कळणार? विषयवार काढाल का? कुठे कमी पडतोय ते तरी दिसेल."

मला पटलं. त्यांच्या जागी मीही तेच मागितलं असतं. मी विषयांचे रकाने पाडले आणि मोकळ्या ओळींतली वाक्यं त्या त्या विषयाखाली टाइप केली. सरासरीशेजारी ती किती जणांची हे लिहायचं असतं, हे प्रयोगशाळेत आमच्याकडून घोटून घेतलं होतं. ती रांग मी आधी घातलीही होती. पण तक्ता एका पानावर मावेना, म्हणून काढून टाकली.

अकरावा प्रश्न होता, 'मुख्याध्यापकांशी अडचणी मोकळेपणाने बोलता येतात का?' भाषेचे चार पूर्णांक दोन. गणित-विज्ञानाचे चार. चित्रकलेचा एक पूर्णांक शून्य. ते शून्यही मी व्यवस्थित लिहिलं होतं. त्याखाली वाक्य होतं : 'सर सगळं ऐकून घेतात आणि मग तेच चारचौघांत ऐकवतात.'

शुक्रवारी सभा झाली. सरांनी चार पूर्णांक एक हा आकडा फळ्यावर लिहिला, सगळ्यांचं कौतुक केलं. मग खडू खाली ठेवला.

"एका व्यक्तीला मात्र वाटतं की माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी नाव घेणार नाही. पण ज्यांची आई अंथरुणाला खिळली होती, ज्या माझ्या खोलीत बसून रडल्या होत्या, ज्यांचे तास मी स्वतः दोन महिने घेतले, त्यांना तरी असं वाटायला नको होतं."

नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना चित्रकलेच्या बाईंकडे वळल्या आणि लगेच परत फिरल्या. बाई आपल्या नखातला निळा रंग दुसऱ्या नखानं खरवडत होत्या. सरांचे डोळे खरोखर भरून आले होते. त्यांनी ते वाक्य वाचलं होतं, त्याचं दुःख करत होते, आणि त्याच घडीला शब्दशः तेच करत होते. हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मला मात्र एकदम सगळं दिसलं. काढून टाकलेल्या रांगेत चित्रकलेच्या रकान्यात 'एक' होता.

सभेनंतर सरांनी मला बोलावलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"बसा. मूळ कागद तुमच्याकडेच आहेत ना? सोमवारी आणून द्या. अक्षरं मी ओळखतो सगळ्यांची."

"सर, आपण शब्द दिला होता."

"मला कोणावर डूख धरायचा नाहीये हो. एकेकाला बोलावून समजूत काढायचीय. बाईंचं बघा, आधी कळलं असतं तर गोष्ट या थराला गेली नसती." थोडं थांबून ते म्हणाले, "तुम्हाला कायम करण्याचं पत्रही या महिन्यात पाठवायचंय. माझ्या लक्षात आहे."

ती धमकी होती की आपुलकी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. बहुधा त्यांनाही सांगता येणार नाही.

प्रयोगशाळेत जाऊन मी कपाटातून एकतीस कागद काढले. आधी बेसिनमध्ये भिजत घातले. शाई बॉलपेनची, ती पाण्यात विरघळत नाही हे मी मुलांना शिकवते, तरी घातले. अक्षरं जशीच्या तशी राहिली. मग ओले कागद हातानं फाडत बसले, एक शब्दही सलग वाचता येणार नाही इतके बारीक.

तशाच ओल्या हातांनी मी सरांच्या खोलीत गेले. "कागद मी फाडले, सर. आणि विषयवार तक्त्यात चूक होती. चूक माझी."

"मला वाटलं होतं, तुम्ही तरी मला समजून घ्याल," ते म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तिथून मी शिक्षकांच्या खोलीत गेले. आठ-दहा जण होते. चित्रकलेच्या बाई ब्रश पुसत होत्या.

"बाई, तक्ता मी केला होता," मी म्हणाले. "तुमचं एकटीचं नाव त्यातून कळेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता सगळे कागद फाडून टाकलेत. कोणाचंच आणखी काही सरांपर्यंत जाणार नाही."

"म्हणजे आमचंही वाचलंस तू?" खेळाच्या सरांनी विचारलं. या वेळी ते हसत नव्हते.

"हो. सगळ्यांचं."

भाषेच्या बाईंनी डब्याचं झाकण लावलं. दोघं-तिघं उठून बाहेर गेले.

चित्रकलेच्या बाईंनी ब्रश कापडात गुंडाळले. "कागद फाडलेस ते बरं केलंस. धीर लागतो त्याला," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर राग नाही गं माझा. मुद्दाम नाही केलंस, कळतं मला."

"मग बाई, पुढच्या वेळी तुम्ही…"

"पुढच्या वेळी सगळे पाच लिहीन मी," त्या म्हणाल्या. "तू गोळा केलेस तरी."

घंटा झाली. सातवीचा तास होता त्यांचा. त्या उठल्या, माझ्या खांद्याला हलकेच हात लावला आणि वर्गाकडे गेल्या.