डागाच्या मापाची फ्रेम

मी फ्रेम बोलतेय. साडेतीन फूट बाय अडीच, सोनेरी कडा, पुढे काच, पाठीला लाकडाच्या भुशाची फळी आणि पोटात एक जोडपं. लग्नाआधीच्या फोटोंसाठी कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली दोघं उभी आहेत. "श्वास रोखा मॅडम, श्वास रोखा, स्माईल!" असं फोटोवाला ओरडला, तो हा क्षण. मुलीने मुकाट्याने श्वास रोखला. तेवढी तालीम तिला पुढे उपयोगी पडली.

लोक फोटोच्या मापाची फ्रेम करून घेतात. माझा जन्म वेगळ्या मापातून झाला. जूचंद्रजवळच्या एका बिल्डिंगमधले श्रीरंगराव दुकानात आले ते खिशात चिठ्ठी घेऊनच. चिठ्ठीवर त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या डागाची लांबी-रुंदी होती. चारी बाजूंनी चार-चार बोटं जास्त धरून त्यांनी फोटो मोठा करायला सांगितला. मुलाच्या, हर्षवर्धनच्या, लग्नाला आठ दिवस उरले होते आणि सून ज्या खोलीत राहणार, तिथेच भिंतीला काळी बुरशी धरली होती.

"व्याह्यांनी बघितलं तर?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"बघतील काय? फोटो बघतील," श्रीरंगराव म्हणाले आणि त्यांनी खिळा घेतला. हातोडी लागलीच नाही. अंगठ्याने दाबला तसा खिळा आत गेला. यावरून एखाद्या माणसाला काही कळलं असतं. यांना भिंत मऊ असल्याचं बरं वाटलं.

मला दोन्हीकडचं कळतं. पुढे खोली, मागे भिंत. मागची जास्त प्रामाणिक होती.

तिच्याकडूनच मला जुना इतिहास कळला. तीन वर्षं हे गृहस्थ गणपतीच्या आधी रंगारी बोलवत. रंगारी डागावर पुट्टी फासायचा, वर रंग मारायचा, चहा पिऊन जायचा. गौरी जायच्या आत डाग परत हजर. मग सुनंदाबाई कोरड्या फडक्याने तो खसाखसा पुसत, म्हणजे भिंतीवरचं होतं ते हवेत जाई आणि हवेतलं गाद्यांवर. वरून मोगऱ्याचा स्प्रे. कुजक्या वासाला मोगऱ्याचा वास लागला की तो घरचाच वाटू लागतो म्हणे. श्रीरंगरावांचा तर सोसायटीशी पत्रव्यवहार चालू होता: गच्ची गळते, बाहेरची भिंत तडकली आहे, कमिटी झोपली आहे. फाइल इतकी जाड झाली होती की तीच भिंतीला टेकवून ठेवली असती तर थोडी ओल तिने शोषली असती.

संजना या खोलीत आली. कामणच्या शेतकरी घरातली, बोलायची कमी, बघायची सगळं. पहिल्याच सकाळी तिने खिडकी उघडली.

"लाव गं ती. डास येतात," सासूबाई म्हणाल्या.

बाथरूमच्या भिंतीत पंख्यासाठी गोल भोक होतं. पंखा खोक्यात होता, भोकात गोणपाट कोंबलेलं होतं, कारण कबुतरं. पावसाळ्यात ओले कपडे माझ्यासमोरच्या दोरीवर, बंद खिडकीत. बुरशीला आणखी काय हवं? जावयाचाही एवढा पाहुणचार होत नाही.

संजनाची उशी नेमकी माझ्याखाली. पंधरा दिवसांत तिला खोकला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?"

"नाही हो, गेल्या गणपतीलाच रंग दिलाय," हर्षवर्धन म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. डाग झाकला की ओल गेली, असंच तो बघत आला होता. लहानपणापासून त्याच घरात वाढलेल्या मुलाकडून आणखी काय अपेक्षा करायची!

आषाढात रीतीप्रमाणे नवी सून माहेरी गेली. तिथे चौथ्या दिवशी खोकला थांबला. श्रावणात परत आली, तिसऱ्या रात्री सुरू झाला. एवढी उघड परीक्षा पंचांगानेच घेऊन दिली होती. उत्तर मात्र सुनंदाबाईंनी लिहिलं.

"माहेरी बरी असते, इथे आली की खोकते. एक तर नाटक, नाहीतर दमा. दमा असेल तर त्यांनी लपवला."

पहिली मंगळागौर तोंडावर होती. चार नातेवाईक येणार, सून खोकत फुगडी घालणार, हे काही त्यांना बघवणार नव्हतं. त्यांनी कामणला फोन लावला: मुलीला घेऊन जा, सगळ्या तपासण्या करा, बरी झाली की मग बघू. त्या 'मग बघू'चा अर्थ संजनाला कळला. त्या दिवशी तिने अर्धी भाकरी तशीच ठेवली.

तोवर मागचा डाग माझ्या मापाबाहेर गेला होता. उजव्या कोपऱ्यातून तो डोकावू लागला, तशी सुनंदाबाईंनी मला प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ घातली. जिवंत माणसांच्या फोटोला माळ! संजना ते बघून पहिल्यांदा हसली. मग खोकली.

रविवारी तिचे वडील, बळीराम, आले. हॉलमध्ये बोलणी सुरू झाली.

"तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं, बळीरामभाऊ. लपवाछपवी आमच्यात चालत नाही," श्रीरंगराव म्हणाले.

"पोर भातलावणी करत होती हो आमच्यात. दमा कुठशी येईल?"

आत संजना बॅग भरत होती. वाकून उठताना तिचा खांदा मला लागला, मी तिरकी झाले आणि माळेखालचा काळा कोपरा तिला दिसला. तिने क्षणभर बघितलं. मग दोन्ही हातांनी मला उतरवलं, पदर नाकाला लावला आणि तशीच हॉलमध्ये घेऊन आली. पाठ पुढे करून.

माझी पाठ कशी होती ते सांगायला मला लाज वाटत नाही. काळी, हिरवी, कापसासारखी लव आलेली. संजनाने मला सोफ्यावर टेकवलं.

"अगं, सोफ्यावर नको ठेवूस!" सुनंदाबाई किंचाळल्या.



"माझ्या उशीवर चालत होतं, आई," संजना म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "लपवलं कोणी ते आता तुम्हीच माझ्या बाबांना सांगा."

श्रीरंगरावांनी घसा साफ केला. "ते गच्चीचं आहे. सोसायटीला मी सतरा पत्रं…"

बळीराम आत गेले; उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं. भिंतीवर तळवा ठेवला, वरपासून खालपर्यंत फिरवला.

"पानी वरून येत असतं तर डाग वरून उतरला असता. वर सुकं हाय. ह्यो मधीच सुरू होतोय नि खाली जातोय. भिंतीपलीकडं काय हाय?"

"आमचं बाथरूम," मागोमाग आलेला हर्षवर्धन म्हणाला.

"नळ कुठल्या उंचीवर?"

हर्षवर्धनने हाताने दाखवलं. हात डागाच्या डोक्यापाशी थांबला. त्या क्षणी त्याचा चेहरा माझ्या पोटातल्या फोटोपेक्षा बरा दिसत होता. निदान त्यावर काहीतरी उमटलं होतं. सतरा पत्रं, आणि पाणी स्वतःच्याच नळाचं.

"चल संजू," बळीराम म्हणाले.

"चला. पण तपासण्या भिंतीच्या होतील," संजना म्हणाली. "भिंत बरी झाली की फोन कर, हर्ष. मग बघू."

ते 'मग बघू' तिने सासूबाईंकडे बघत म्हटलं.

हर्षवर्धनला अखेर हात असल्याचं आठवलं. सुरज नावाच्या प्लंबरने टाइल काढली. आत पाइपचा सांधा थेंब थेंब गळत होता. तो बदलला. मग तोंडाला मास्क, हातात मोजे, खोलीचं दार बंद, खिडकी सताड. डाग आधी ओला करून घेतला, म्हणजे भुकटी उडू नये, आणि गिलावा विटांपर्यंत खरवडला. विटा साबणाच्या पाण्याने घासल्या. रंगारी लगेच यायला तयार होता. हर्षवर्धन त्याला नाही म्हणाला, हे त्याच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम. भिंत नवरात्रापर्यंत उघडी सुकत राहिली. गोणपाट निघालं, पंखा खोक्यातून बाहेर आला. कबुतरांसाठी बाहेरून जाळी लागते, एवढं ज्ञान या घराला तीन वर्षांनी झालं. उशी आणि गादी फेकली. मंगळागौर राहिली ती राहिलीच.

दसऱ्यानंतर संजना आली. आधी भिंतीला हात लावला, मग आत पाऊल टाकलं. आठ रात्री खोकला नाही.

मी बाल्कनीत होते. हर्षवर्धन फडकं घेऊन आला. "पुसून परत लावू? आपला फोटो आहे."

"काच पुसशील. फळी पुसली जात नाही, ती आतून भरलीय," संजना म्हणाली. "आणि तसंही त्यात मी श्वास रोखून उभी आहे. नको."

तिचं बरोबर होतं. माझ्यासारखीला भावनेपोटी घरात ठेवणं म्हणजे रोगच सांभाळणं. मी तिच्यावर रागावले नाही. त्या घरात न रागावण्याजोगी ती एकटीच होती.

आता मी गेटपाशी कचऱ्याच्या डब्याला टेकून आहे. मघाशी दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ थांबले. सोनेरी कडेवर टिचकी मारली. मग इकडेतिकडे बघून माझ्यावर वीत ठेवली. एक वीत, दोन वीत, तीन. ही नजर मी ओळखते. यांच्याकडेही एक डाग आहे.

अहो गृहस्थ, हात जोडायला मला हात नाहीत, म्हणून तोंडाने सांगते. ती वीत भिंतीवर ठेवा. पाणी कुठून येतंय ते बघा. मला इथेच राहू द्या. कचऱ्याची गाडी सकाळी येते.

ते वाकले आहेत. मला उचलतायत.